चावायचा नाही, गिळायचा नाही

मंगळवारी दुपारी पावणेबाराच्या सुमाराला फोनवर अक्कांचं नाव दिसलं आणि मी उचलल्या उचलल्या म्हणालो, "अक्का, गुरुवारी नक्की मांडतो. आता चालढकल नाही." पलीकडून आधी बसच्या इंजिनाची घरघर आली, मग एका पुरुषाचा आवाज. आनेकलहून शहराकडं येणाऱ्या बसचा कंडक्टर बोलत होता, कन्नडमध्ये, घाईत पण अदबीनं. खिडकीशी बसलेल्या बाई उठत नाहीत, म्हणाला. बस थांबवली आहे, रस्त्यापलीकडं दवाखाना आहे, तिथं नेतोय. फोनमध्ये शेवटचा नंबर तुमचा दिसला म्हणून तुम्हाला लावला. आणि मग त्यानं विचारलं, "इवरु निमगे एनागबेकु?" या तुमच्या कोण लागतात?

बहीण नव्हेत, नात्यातल्या नव्हेत. एका संस्थेत आम्ही कधी काम केलं नाही. त्या समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, मी कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारा. नऊ वर्षं दर गुरुवारी ज्यांच्या समोरच्या खोलीत बसून मी भांडलो, ज्यांच्या हातचं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, खाल्लं आणि ज्यांच्याइतकं मला कुणी गप्प बसवलं नाही, त्या माझ्या कोण लागतात? मी म्हणालो, "अक्का." त्याला तेवढं पुरलं. दवाखान्याच्या कागदावर मी भाऊ झालो आणि सही केली, कारण मी पोचेपर्यंत तिथं करण्यासारखं दुसरं काहीच उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बसमध्येच गेल्या असाव्यात. असाव्यात… हा शब्द मी परत परत ऐकत होतो आणि समोर अक्का होत्या, डोळे मिटलेल्या, चष्मा कपाळावर सरकलेला. साडीच्या काठाला करडी धूळ लागली होती. मी ती झटकायला हात पुढं केला आणि नर्सबाईंनी माझ्याकडं पाहिलं म्हणून मागं घेतला. कापडी पिशवीत पाण्याची बाटली, छत्री आणि तो लहानसा ॲल्युमिनियमचा डबा होता. वेलदोड्यांचा. मंगळवारी सकाळी या बाई आनेकलला कशाला गेल्या होत्या, हे कुणालाच माहीत नव्हतं.

आज पाच आठवडे झाले. लिहायला बसलो की अजूनही पहिल्या वाक्यात "अक्का म्हणतात" असं येतं आणि ते खोडावं लागतं.

मालती हुदलीकर हे त्यांचं नाव. बेळगावकडच्या. घरात आई मराठी बोलायची, अंगणात सगळे कानडी, त्यामुळं एका वाक्याची सुरुवात एका भाषेत आणि शेवट दुसऱ्या भाषेत करण्यात त्यांना काहीच विशेष वाटत नसे. बनशंकरीत पहिल्या मजल्यावर त्यांचं घर, खाली पिठाची गिरणी. गिरणी सुरू असली की वरच्या खोलीतल्या खिडक्या थरथरायच्या, म्हणून आमची बैठक गिरणी बंद झाल्यावर, संध्याकाळी सहाला. बैठकीला नाव नव्हतं. आम्ही तिला "गुरुवार" म्हणायचो. मला तिथं ओढून नेलं ते रघुरामनं. तो संख्याशास्त्राचा, माझा जुना सहकारी. "एक बाई आहेत, त्या इंजिनियरांना आणि इतरांना एका सतरंजीवर बसवायचं म्हणताहेत," एवढंच त्यानं सांगितलं होतं. मी नागपूरहून आलेला, तेव्हा पस्तिशीचा, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की समजूत असलेला. पहिल्याच दिवशी मी अक्कांना विचारलं, इथं नेमकं कशाचं संशोधन करायचं आहे? पाण्याचं, की मशीनचं, की माणसांचं?

"अरे हेमंता," त्या म्हणाल्या, "यंत्र एकटं कुठं असतंय? त्याच्याबरोबर माणूस असतोयच की. फक्त तू काढलेल्या चित्रात तो नसतोय. ते चित्र पुरं करायला एकटा तू पुरत नाहीस, एकटी मी पण पुरत नाही. म्हणून सतरंजी."

मला हे गोड बोलणं वाटलं. तरी दुसऱ्या गुरुवारी गेलो, कारण राजाजीनगरहून मेट्रोनं थेट जाता येत होतं आणि चित्रान्न खरंच चांगलं होतं.

पहिलं वर्ष छान गेलं आणि दुसऱ्या वर्षी गुरुवार मोडल्यातच जमा होता. आमच्यात एक इंजिनियर होता, कारखान्यांच्या हजेरीसाठी बोटाचे ठसे घेणारं यंत्र करायचा. अक्का त्याच्या कारखान्यात पंधरा दिवस जाऊन बसल्या आणि पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर त्याला म्हणाल्या, की काम करून करून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या आहेत त्यांनाच तुझं यंत्र गैरहजर ठरवतंय. बोलणं शंभर टक्के खरं होतं. तो उठला, चपला घातल्या आणि गेला. पाठोपाठ त्याचे चार मित्र. त्यानंतर दोन महिने सतरंजीवर आम्ही चौघंच असायचो: अक्का, रघुराम, वकील असलेली फातिमा आणि मी. एकदा कॉफी गाळता गाळता त्या माझ्याशी बोलल्या. "मी खरं बोलले रे. आणि ते यंत्र अजून तसंच चालू आहे. म्हणजे माझ्या खरं बोलण्याचा कुणाला काय उपयोग झाला, सांग बघू?" मी नेहमीप्रमाणं काहीतरी फटकळ उत्तर दिलं. त्यांनी ते ऐकलं नसावं.

त्यातून आमचा नियम निघाला. गुरुवारी स्वतःचं काम स्वतः मांडायचं नाही, दुसऱ्यानं मांडायचं. वकिलाचं काम इंजिनियरनं समजून घेऊन सांगायचं, इंजिनियरचं समाजशास्त्रवाल्यानं. ज्याचं काम आहे त्यानं शेवटपर्यंत समोर बसून ऐकायचं. कागदावर हे फार सुंदर दिसतं. पहिल्या खेपेला फातिमा माझं काम मांडत होती आणि मी तिला पहिल्या मिनिटातच टोकलं. मग परत. मग परत. चौथ्या वेळी अक्का उठल्या, आत गेल्या आणि तो डबा घेऊन आल्या. एक हिरवा वेलदोडा माझ्या तळहातावर ठेवला.

"तोंडात धर. चावायचा नाही, गिळायचा नाही. फातिमाचं झालं की बशीत काढायचा, मग बोलायचं."

लहान मुलाला देतात तसं ते होतं आणि मी चाळिशीकडं झुकलेला माणूस ते निमूटपणे करत होतो. दोन मिनिटांत मी तो चावून टाकला. बशीत काढला तेव्हा नुसता चोथा. सगळे पोट धरून हसले आणि अक्का म्हणाल्या, "बघा, यानं फातिमाला आतल्या आत कसं खाल्लंय ते." तेव्हापासून ती पद्धतच पडली. मांडणी संपली की आधी बशी बघायची. रघुरामचा वेलदोडा कायम अख्खा, फातिमाच्या वेलदोड्याला एखादा दात लागलेला, आणि माझा चोथा. पुढच्या सगळ्या वर्षांत माझा वेलदोडा एकदाही अख्खा निघाला नाही. नवीन मुलं यायची, डॉक्टरेट करणारी, नोकऱ्या करणारी, दवाखान्यातली, वीजखात्यातली. सगळ्यांना त्या डब्यातूनच आत यावं लागलं. बघता बघता सतरंजी पुरेना. गिरणीवाल्याच्या दोन गोण्या वर आल्या, त्यांवर माणसं बसू लागली. परदेशातली मंडळी येऊन विचारायची, तुमची पद्धती काय? रघुराम गंभीर चेहऱ्यानं डबा पुढं करायचा.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नाही, आणि आता आठवली की लाज वाटते. सगळ्यांची कामं मांडून झाली, काहींची तीनतीनदा. अक्कांचं काम कधीच कुणी मांडलं नाही. त्याच यादी करायच्या, त्याच जोड्या लावायच्या आणि त्या यादीत त्यांचं नाव नसायचं.

मुनियप्पा आमच्यात आला तो आनेकलजवळच्या कामामुळं. तिथं एका कामगार वसाहतीला पाणी सोडणारा तो माणूस, कर्नाटकात ज्याला नीरगंटी म्हणतात तो. उंच टाकी, तिच्या पायथ्याशी व्हॉल्व्हचे खड्डे, आणि मुनियप्पाच्या हातात लांब दांड्याची चावी. कोणत्या गल्लीला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं ते सगळं त्याच्या डोक्यात. वसाहतीच्या पाणी समितीला हे आपोआप व्हायला हवं होतं. मी आनंदानं पुढं झालो. अक्कांची अट एकच, की मुनियप्पा गुरुवारी सतरंजीवर बसेल. तो यायचा, भिंतीला टेकून बसायचा, वेलदोडा दिला की खिशात ठेवायचा आणि जाताना बायकोला न्यायचा. अक्का त्याला "अण्णा" म्हणायच्या, मी "मुनियप्पा". तो मला "सर".

चार महिने मी त्याच्याशेजारी घड्याळ घेऊन बसलो. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडला, कधी बंद केला, सगळं टिपलं. सगळ्या गल्ल्यांचं गणित सरळ होतं, फक्त शेवटच्या गल्लीचं नव्हतं. तिथं कधी चारला पाणी, कधी सहाला, कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. मी ठरवून टाकलं, माणूस आहे, कंटाळतो, कुणाशी गप्पा मारत बसतो. ते सगळं वेडंवाकडं काढून टाकलं, सरासरी घेतली आणि दुपारी तीनला पस्तीस मिनिटं अशी वेळ नेमून दिली. मोटरवर चालणारे व्हॉल्व्ह बसले, मुनियप्पाकडं टाकीची राखण राहिली. महिन्याभरात शेवटच्या गल्लीचा आलेख रेघेसारखा सरळ आला: तीनला पाणी सुटलं, पस्तीस मिनिटांत सगळं वापरलं गेलं, तक्रार नाही. त्या गुरुवारी टाळ्या पडल्या. अक्कांनीही वाजवल्या. तो आलेख मी किती ठिकाणी दाखवला असेल…

पुढं वर्षभरानं त्याच गल्लीत गळती सुरू झाली. रोज संध्याकाळी, वेळ मात्र ठरलेली नाही, पाणी कुठंतरी जात होतं. जमिनीखालचं पाणी असं हाती लागत नाही. मी झपाटल्यासारखा तिच्या मागं लागलो. रघुरामनं संभाव्यतेचं गणित मांडलं. फातिमानं पाणीचोरीचा कायदा वाचून काढला. एका रविवारी मी लोखंडी सळई कानाला लावून पाइपाचा आवाज ऐकत गल्लीभर फिरलो आणि अक्का छत्री धरून माझ्या मागं. गल्लीतल्या बायका ओट्यावरून हसत होत्या. मला वाटलं, माझ्या सळईला हसताहेत. आठ महिने दर गुरुवारी मी गळतीचा नवा सिद्धांत सांगायचो आणि अक्का खाली मान घालून ऐकायच्या. मुनियप्पा भिंतीला टेकून बसलेला असायचा.

त्याच दिवसांत एकदा त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि एक जाडजूड बांधलेलं बाड हातात दिलं. "माझं काम आहे. आनेकलचं. तू मांडशील काय?" वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, हेमंत मांडेल. मी म्हणालो, अक्का, रघुराम जास्त नीट करेल, मी तुमचं समाजशास्त्र घेऊन काय करू? "नको," त्या म्हणाल्या, "तूच." मग थोडं थांबून म्हणाल्या, "घाई नाही. पण स्वल्प लवकर बघ."

मी बाड घरी नेलं. तीन पानं वाचली. बायका नळावर कशा उभ्या राहतात, कुणाची घागर कुणाच्या घागरीशेजारी असते, याचं बारीक वर्णन. मला कंटाळा आला. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, पुढं सगळं असंच असणार, आणि माझ्यामागं खरं काम पडलं आहे, गळती शोधायची आहे. पहिल्यांदा म्हणालो, पुढच्या गुरुवारी. मग परत म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा अक्कांनी त्या गुरुवारी फातिमाचं काम घेतलं आणि यादीत आपलं एक ओळ खाली सरकवलं.

त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मी आमच्या ग्रुपवर संदेश टाकला: गळतीवर उपाय सापडला. शेवटच्या गल्लीचा जुना, हातानं उघडायचा व्हॉल्व्ह अजून खड्ड्यात आहे, पाणी तिथूनच जात असणार. उद्या सकाळी माणसं येऊन खड्ड्यात सिमेंट भरतील. विषय संपला. थोड्या वेळानं अक्कांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो. परत आला. मी कापला. मग त्यांचा संदेश आला, "हेमंत, वाचलंस काय?"

मी लिहिलं, "हो अक्का, सगळं वाचलं. गुरुवारी मांडतो."

त्यावर त्यांचं एका शब्दाचं उत्तर, आपल्याकडं "बरं" म्हणतात तसं. "सरी."

आणि दुसऱ्या दिवशी कंडक्टरचा फोन.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी आम्ही जमलो, थोडा वेळ बसलो आणि उठून गेलो. बेळगावहून आलेल्या भाचीनं घराची किल्ली फातिमाकडं ठेवली. पुढच्या गुरुवारी कुणी गेलं नाही. तिसऱ्या गुरुवारी सकाळी फातिमाचा फोन आला. तिचा आवाज वकिलाचा होता, म्हणजे रडू आवरलेला. "यादीत पुढचं काम कुणाचं आहे, माहीत आहे? अक्कांचं. मांडणारा कोण, तेही माहीत आहे ना?" मी बाड पिशवीत घातलं आणि राजाजीनगरला मेट्रोत बसलो. दुपार होती, डब्यात जागा होती. तीन पानं आधी झाली होती. चौथं उघडलं.

बनशंकरी कधी आलं आणि गेलं ते कळलं नाही. शेवटच्या स्थानकावर गार्डनं उतरवलं, तिथल्या बाकावर बसून मी उरलेलं वाचलं.

शेवटच्या गल्लीत घरात नळ नाहीत, कोपऱ्यावर दोन सार्वजनिक नळ आहेत. गल्लीतल्या बहुतेक बायका गार्मेंट्सला, म्हणजे कपडे शिवायच्या फॅक्टरीत, जातात. फॅक्टरीची बस त्यांना आणून सोडते. कधी चारला, कधी काम जास्त असलं की सहाला. टाकीच्या पायथ्याशी बसलं की मोठ्या रस्त्याचं वळण दिसतं. अक्कांनी लिहिलं होतं: मुनियप्पा घड्याळ बघत नाही. वळणावर बस दिसली की उठतो. बायका उतरून घागरी घेऊन येईपर्यंत पाणी नळाला आलेलं असतं. बसमध्ये बायका कमी असल्या तर वीस मिनिटं, भरून आली तर पाऊण तास.

मी चार महिने त्याच्याशेजारी बसलो होतो. मी त्याच्या हाताकडं बघत होतो आणि तो बघत होता रस्त्याकडं. एकदाही मी मान वळवून पाहिलं नाही, हा माणूस बघतोय कुठं.

पुढची पानं मी कशी वाचली ते सांगता येत नाही. मी दुपारी तीनची वेळ नेमल्यावर गल्लीत त्या वेळी कुणीच नसायचं. शेजारच्या गल्ल्यांतली माणसं येऊन पाणी भरून न्यायची. ते माझ्या सरळ रेघेतलं वापरलेलं पाणी. दोन महिने बायका रिकाम्या घागरी घेऊन टाकीपर्यंत चालत गेल्या. मग लक्ष्मम्मा नावाच्या बाईनं गार्मेंट्सचं काम सोडलं. ती रोज तीनला नळावर उभी राहून सगळ्या गल्लीच्या घागरी भरू लागली. तक्रार नव्हती, कारण तक्रारीच्या जागी लक्ष्मम्मा उभी होती. अक्कांनी लिहिलं होतं: आमच्या यंत्रणेचा हा एक भाग आमच्या चित्रात नाही. आणि खाली: यात अभियंत्याचीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. चार महिने आम्ही सगळे जात-येत होतो. मुनियप्पाला "का" असं कुणीच विचारलं नाही. मीही नाही. मी टाळ्या वाजवल्या.

हे कळल्यावर त्यांनी मुनियप्पाला जुनी चावी परत बाहेर काढायला सांगितलं. बस वळणावर दिसली की तो पूर्वीसारखा उठायचा, जुना व्हॉल्व्ह हातानं उघडायचा, बायकांचं भरून झालं की बंद करायचा. माझी गळती ती हीच. आठ महिने जिच्यामागं मी सळई घेऊन फिरलो, ती गळती म्हणजे मी मोडलेल्या गोष्टीची दुरुस्ती होती. गल्लीतल्या बायका हसत होत्या ते उगाच नाही.

मला आधी रागच आला, हे कबूल करतो. आठ महिने माझं हसं होऊ दिलंत अक्का, एका शब्दानं सांगायचं होतं. मग ठशांच्या यंत्राचा तो इंजिनियर आठवला, त्याच्या चपलांचा आवाज आठवला. त्यांना मला घालवायचं नव्हतं, आणि मुनियप्पाची नोकरीही घालवायची नव्हती. माझं मला कळावं, माझ्या तोंडून निघावं, आणि समोर बसून आपण वेलदोडा तोंडात धरून ऐकावं, एवढ्याचीच त्या वाट बघत होत्या. मी ते तीनदा पुढं ढकललं.

आणि तेव्हा, त्या बाकावर, मला सोमवारचा संदेश आठवला. हो अक्का, सगळं वाचलं. म्हणजे त्यांना काय वाटलं असेल? यानं वाचलंय. याला लक्ष्मम्मा माहीत आहे, बस माहीत आहे, गळती काय आहे ते माहीत आहे, आणि तरीही हा उद्या खड्ड्यात सिमेंट ओततोय. मी नाही म्हटलं असतं, अजून वाचलं नाही अक्का, एवढं खरं बोललो असतो, तर त्यांनी मला तिसऱ्यांदा फोन केला असता, शिव्या घातल्या असत्या आणि घरी थांबल्या असत्या. आळशीपणानं मारलेली एक थाप. माझ्याबद्दल हे असं मनात घेऊन त्या गेल्या… मी बाकावरून मुनियप्पाला फोन लावला. सिमेंट भरलं काय, एवढंच विचारलं.

"इल्ला सर, नाही भरलं," तो म्हणाला. "त्या दिवशी अक्का सकाळी साडेसातलाच आल्या. खड्ड्याच्या झाकणावर बसल्या. माणसं आली, पोती उतरवली, कालवायला घेतलं. अक्का उठल्याच नाहीत. म्हणाल्या, गुरुवारनंतर या. दहापर्यंत थांबून ती गेली. मग मी अक्कांना बसमध्ये बसवलं. ऊन फार होतं सर. पाणी दिलं, प्यायल्या." साडीच्या काठावरची धूळ मला आठवली. त्या माझ्याबद्दल काय म्हणाल्या, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. पुढच्या गुरुवारी ये, इतकंच त्याला सांगून मी फोन ठेवला.

त्या दिवशी मांडणी झाली नाही, मला जमण्यासारखं नव्हतं. पुढच्या गुरुवारी झाली. खोली भरलेली होती, दोन्ही गोण्यांवर माणसं. फातिमानं डबा मधे ठेवला आणि प्रश्न पडला, ज्याचं काम आहे त्यानं वेलदोडा धरायचा, तर आता कुणी? अक्कांच्या जागेकडं कुणी बघत नव्हतं. मग मुनियप्पा भिंतीपासून उठला, पुढं आला आणि डब्यातून एक वेलदोडा घेऊन त्यानं तोंडात टाकला. खिशात नाही ठेवला. मी उभा राहिलो. सगळं सांगितलं: हात, रस्ता, बस, लक्ष्मम्मा, सरळ रेघ, गळती. सोमवारचा संदेशही वाचून दाखवला. मुनियप्पासाठी रघुराम हळू आवाजात कन्नडमध्ये सांगत होता. मधे कुणी टोकलं नाही. संपल्यावर मी खाली बसलो. वर्षानुवर्षांची सवय, मी अक्कांच्या जागेकडं पाहिलं, आता त्या म्हणतील, स्वल्प चुकलास, पण चालेल.

मुनियप्पानं वेलदोडा बशीत काढला. दातांनी पार चिरडलेला होता. तो माझ्याकडं बघून कन्नडमध्ये बोलू लागला, सावकाश, मला सगळं कळावं म्हणून.

"झाकणावर बसल्या होत्या तेव्हा मी त्यांना विचारलं, अक्का, सरांनी सगळं वाचलंय म्हणता, मग सिमेंट कसं आलं? त्या हसल्या. म्हणाल्या, कुठलं वाचलंय, थापा मारतोय तो. वाचलं असतं तर सिमेंट आलं नसतं अण्णा. तो स्वतः आला असता."

खाली गिरणी बंद होती. शेवटच्या गल्लीवरची मोटर मी त्याआधीच काढून टाकली होती. लक्ष्मम्माला मात्र तिची जागा परत मिळालेली नाही, फातिमा त्यासाठी खटपट करते आहे. हे सगळं मला सांगायचं होतं, राहून गेलं. फातिमानं डबा माझ्याकडं सरकवला. मी एक वेलदोडा घेतला, तोंडात टाकला आणि चपला घालून निघालो. मेट्रोत बसायला जागा मिळाली नाही. राजाजीनगरला उतरून घराचं दार उघडलं, बशी घेतली आणि त्यात तो काढून ठेवला. अख्खा होता.